रागाची तालीम

अब्बांनी अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन लावला. आतल्या खोलीत अक्सानं पहिली रिंग जाऊ दिली. दुसऱ्या रिंगला उचलायचा, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्याच रिंगला उचलला की माणूस घाबरलेला वाटतो.

“नमस्कार, सपोर्टमधून अक्सा बोलतेय. काय मदत करू?”

“हां, अस्सलाम आलेकुम.”

“अब्बा, सलाम नाय करायचा. तुम्ही चिडलेले आहात.”

“बरं बरं.” अब्बांनी घसा साफ केला. “मी हॉटेलातनं बोलतोय. आमचा तो प्रिंटर हाय ना, तो काय चालत नाय. तुम्हाला वेळ असंल तर बघा जरा. घाई नाय काय.”

पडवीत कोळंबी सोलत बसलेल्या अम्मीला हसू फुटलं. तिनं मनगटानं तोंड झाकलं. अक्सानं फोन ठेवला, खिडकीशी आली आणि गजांना धरून उभी राहिली.

“असं कोण बोलतं अब्बा? हॉटेलात गिऱ्हाईक उभं हाय, बिल निघत नाय, मालक डोक्यावर बसलाय. तुम्ही संतापलात.”

“संतापलो,” अब्बांनी मान डोलावली. “पुन्हा लाव म्हणतेस?”

“पुन्हा.”

पुन्हाही तेच झालं. या वेळी अब्बांनी सलाम केला नाही, पण बोलणं संपता संपता “बेटा” म्हणाले.

शनिवारी अलिबागला अक्साची परीक्षा होती. किहीमपासून काशीदपर्यंतच्या हॉटेलांचे आणि रिसॉर्टांचे कॉम्प्युटर सांभाळणारी एक छोटी कंपनी होती, आणि तिथं एकच जागा निघाली होती. लेखी काही नव्हतं. बिघडवून ठेवलेलं मशीन दुरुस्त करायचं, आणि मग फोनवर एका चिडलेल्या माणसाची अडचण सोडवायची.

मशीनची तिला भीती नव्हती. म्हसळ्याच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर टेबलावर उघडा पडला होता. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी खोडरबर फिरवायचं, परत बसवायची, हे ती आता न बघता करायची. माणगावच्या कोर्सला सगळ्या मुलांमध्ये तिचाच हात चालायचा.

भीती होती ती फोनची. मागच्या वर्षी पनवेलला असंच झालं होतं. मशीन तिनं इतरांच्या आधी चालू करून दाखवलं. मग फोन वाजला आणि पलीकडची बाई ओरडायला लागली. ती बाई ओरडत राहिली, अक्सा फोन कानाला धरून बसून राहिली. शेवटी पलीकडूनच “हॅलो? आहे का कोणी?” असं झालं आणि फोन बंद झाला. “टेक्निकल चांगलं आहे,” तिथला माणूस म्हणाला होता, “पण लोकांशी बोलता आलं पाहिजे ना, मॅडम.”

घरात कुणी आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. अम्मी रागावली की भांडी जोरात ठेवायची, एवढंच. अब्बा तर कुणाला एका शब्दानं दुखवायचे नाहीत. कुवेतहून कायमचे परत आल्यापासून बागेतली दहा-वीस झाडं, नमाज आणि जेटीवरच्या गप्पा एवढाच त्यांचा दिवस. अर्धं आयुष्य ते तिकडे होते. ऑफिसात होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. “एसीत बसायचं काम,” असं अम्मी शेजारणींना सांगायची. ऑफिसात नेमकं काय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं अक्सालाही कधी वाटलं नव्हतं. पैसे यायचे, दोन वर्षांनी अब्बा यायचे, बॅगेतून अत्तराचा आणि साबणाचा वास यायचा.

गुरुवारी संध्याकाळच्या आधीची असरची नमाज झाल्यावर अब्बा आपणहून खुर्ची घेऊन बसले आणि फोन लावला.

“मॅडम, आमचं बिल अडकलंय. लवकर करा हां. नायतर आमचा साहेब बोलंल.”

तिनं मध्येच फोन कापला आणि बाहेर आली.

“अब्बा, तुमच्यानं नाय होत हे. परवा परीक्षा हाय माझी. पुन्हा पनवेलसारखं झालं तर मी काय करू? तुम्हाला आयुष्यात कुणी ओरडलंच नाय का कधी? कसं ओरडतात तेसुद्धा माहीत नाय?”

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे.

“जा आत,” ते म्हणाले. “लावतो.”

ती टेबलाशी जाऊन बसली. फोन लगेच वाजला नाही. वाजला तेव्हा तिनं सवयीनं एक रिंग जाऊ दिली.

“नमस्कार, सपोर्टमधून अक्सा—”

“कितना रिंग गया?”

तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा फोन आला.

“सोया था? मैं पूछता है, सोया था?”

“सर, सॉरी, काय मदत—”

“मुँह बंद. मैं बोलेगा, तू सुनेगा. बिल किधर है? कल बोला था, परसों बोला था. तेरे को समझ में नहीं आता?” आवाज चढलेला नव्हता. सावकाश, एकेक शब्द तोडून येत होता, जणू बोलणाऱ्याकडे दिवसभराचा वेळ होता. “दिमाग नहीं है तो गाँव में बकरी चरा ना. इधर काहे को आया? ये टेबल किसने पोंछा? इसको पोंछा बोलते हैं? ये चाय है? फिर ठंडा. मेहमान के सामने ठंडा चाय रखता है. उठा. उठा ये कप. हाथ क्यों काँपता है? पासपोर्ट मेरे पास है, भूल गया? एक फोन करेगा मैं, कल का फ्लाइट में बैठेगा तू. बीवी-बच्चा को क्या खिलाएगा? बोल. अब बोल. जबान नहीं है?”

अक्सानं खिडकीतून बाहेर पाहिलं.

अब्बा खुर्चीत नव्हते. ते आंब्याखाली उभे होते. फोन कानाला होता, दुसरा हात मांडीला चिकटवून सरळ धरलेला, आणि मान खाली. ओरडणारा माणूस समोर बघून ओरडतो. अब्बा आपल्या पायांकडे बघत होते.

पडवीत अम्मीचे हात कोळंबीच्या ताटात थांबले होते.

फोनवर आता नुसता श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. कोर्सला शिकवलेली वाक्यं तिला पाठ होती. मी तुमची अडचण समजू शकते, आपण एकेक करून बघू. त्यातलं एकही तोंडातून निघेना. फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही.

अम्मी उठली. ओले हात ओढणीला पुसत अंगणात गेली.

“आत या,” ती अब्बांना म्हणाली. “ऊन लागतंय.”

ऊन केव्हाच खाडीपलीकडे गेलं होतं. अब्बा “हां, हां” म्हणाले आणि तिच्यामागून आत आले. जाता जाता दारातून अक्साला म्हणाले, “जमलं का आज थोडं?”

“जमलं,” अक्सा म्हणाली.

शुक्रवारी तालीम झाली नाही. अब्बा जुम्म्याच्या नमाजेला गेले ते उशिरा आले, आणि मग नारळांना पाणी घालत राहिले. अक्सा टेबलापाशी बसून तोच कॉम्प्युटर उघडत आणि जोडत राहिली. तो आवाज तिच्या डोक्यातून जात नव्हता. अब्बांना त्यातलं एकही वाक्य आठवावं लागलं नव्हतं. एकामागून एक, आपोआप येत गेलं होतं, कुराणातले सूरे पाठ असतात तसं. किती वेळा ऐकलं की असं पाठ होतं? दोनदा ती उठून अंगणाच्या दारापर्यंत गेली. काय विचारायचं ते सुचलं नाही, म्हणून परत आली. उद्याची भीती आणि ही गोष्ट एकमेकींत मिसळून गेली होती. कुठली कुठे संपते ते तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी सकाळी अब्बांनी तिला स्कूटरवरून दिघीच्या जेटीवर सोडलं. फेरीबोट खाडीपलीकडे आगरदांड्याला लागेपर्यंत ते तिथेच उभे असलेले तिला दिसत होते.

तिथून एसटीनं ती अलिबागला कंपनीच्या ऑफिसात पोचली तेव्हा बाहेरच्या बाकावर तिच्या आधीच एक माणूस येऊन बसला होता. चाळिशीचा असावा. शर्टाच्या खिशावर जुन्या कंपनीचं चिन्ह उसवून काढल्याची चौकोनी खूण होती. हातरुमालाची घडी तो घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता.

“रघू,” त्यानं आपणच नाव सांगितलं. “रोह्याकडचा. कारखान्यात कॉम्प्युटर बघायचो. कारखाना बंद झाला.” मग जरा थांबून, “ताई, ते फोनचं काय असतं हो? फार बोलतात का?”

“माहीत नाही.”

“मशीनचं काय न्हाय. ते आपण करतो. पण कुणी बोललं की माझं सगळं इसरतं बघा.” तो कसनुसा हसला. “या वयात.”

अक्साला काही बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

कंपनीची मालकीण हेतलबेन स्वतःच परीक्षा घेत होती. केस वर बांधलेले, हातात पेन, बोलणं भरभर. “हे मशीन चालू होत नाही. का, ते मला सांगायचं नाही, चालू करून दाखवायचं.” अक्सानं कव्हर काढलं. रॅम अर्धवट बसवलेली होती, नेटवर्कची वायर भलत्याच ठिकाणी खोचलेली होती, आणि छपाई दुसऱ्याच प्रिंटरकडे पाठवली जात होती. हात आपले आपण चालत राहिले. हेतलबेननं वहीत काही लिहिलं आणि काचेच्या केबिनकडे बघून मान हलवली. केबिनमध्ये गणराज नावाचा तिचा मेकॅनिक बसला होता. टेबलावरचा फोन वाजला.

अक्सानं एक रिंग जाऊ दिली.

“अरे काय झोपा काढता का तिकडे?” गणराज कडाडला. “गेस्ट उभे आहेत इथं! बिल निघत नाही! कुणाला बोलवू, सांगा ना!”

ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की हा राग वरवरचा आहे. हा माणूस मध्येच श्वास घ्यायला थांबत होता, शब्द शोधत होता. याच्या हातात कुणाचा पासपोर्ट नव्हता.

“सर, तुमच्यासमोर गेस्ट आहेत, तर आधी त्यांचं बघू,” ती म्हणाली. “स्क्रीनवर काय दिसतंय ते मला वाचून दाखवता?”

गणराज आणखी दोनदा ओरडला. ती आणखी दोनदा त्याच आवाजात बोलली. हॉटेलातल्या एका काल्पनिक प्रिंटरमधून एक काल्पनिक बिल निघालं, आणि फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं की तिचा तळहात कोरडा आहे.

“छान,” हेतलबेन म्हणाली. “निकाल सोमवारी सांगते. बाहेर अजून एक जण आहे.”

अक्सा पिशवी उचलत होती तोच केबिनमधून गणराज हेल्मेट घेऊनच बाहेर आला. नागावच्या एका हॉटेलात खरोखरीच बिलं अडकली होती, आणि चेकआउटची वेळ होती. तो जिना उतरून गेलासुद्धा. हेतलबेन त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

“आता फोन कोण करणार?” ती स्वतःशीच म्हणाली. मग अक्साकडे वळली. “खरं तर तुम्हाला सांगू नये. पण शनिवार आहे, ऑफिसात दुसरं कोणी नाही, आणि मला समोर बसून त्यांना बघायचंय. तुम्ही केबिनमधून फोन कराल? नुसतं चिडायचं. जमेल ना?”

अक्साला वाटलं, नाही म्हणावं. तिनं मान हलवली ती मात्र होकाराची होती.

केबिनच्या काचेतून तिला रघूची पाठ दिसत होती आणि हेतलबेनचा चेहरा. रघूनं मशीन चालू करायला वेळ घेतला, पण केलं. मग हेतलबेननं खूण केली. अक्सानं फोन लावला. एकच जागा होती. तिच्या तोंडात वाक्यं तयार होती, कुठल्या शब्दानंतर कुठला येतो, कुठे थांबलं की ऐकणाऱ्याचा धीर खचतो, सगळं दोन दिवस तिच्या डोक्यात चालू होतं. गणराजला येत नव्हतं ते तिला येत होतं.

रघूनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“न-नमस्कार, सपोर्टमधनं—”

“किती रिंग गेल्या?” अक्सा म्हणाली. सावकाश, शब्द तोडून. “झोपला होतात?”

“सॉरी मॅडम.”

एकच तर रिंग गेली होती. तसं तो म्हणाला नाही. तो खुर्चीतून उठला. काचेपलीकडे हेतलबेननं हातानं बसायची खूण केली, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. फोन कानाशी धरून, दुसऱ्या हातातला रुमाल मांडीशी घट्ट दाबून, तो मान खाली घालून उभा राहिला.

“सॉरी मॅडम,” तो पुन्हा म्हणाला. “चुकलं माझं.”

पुढचं वाक्य अक्साच्या जिभेवर आलेलं होतं. ते तसंच राहिलं. फोनमध्ये रघूचा श्वास ऐकू येत होता. इतके दिवस ती स्वतःच्या बाजूनं हा श्वास ओळखत होती. या बाजूनं तो असा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं.

“हॅलो? मॅडम?”

“बसा,” अक्सा म्हणाली.

“आँ?”

“तुम्ही आधी बसा. तुमचं काही चुकलेलं नाही, आमचा प्रिंटर बंद पडलाय. बसा, मग मी सांगते काय दिसतंय ते.”

रघू बसला. बसल्यावर त्यानं रुमाल टेबलावर ठेवला आणि विचारलं, “प्रिंटरवर दिवा कुठला लागलाय, मॅडम? लाल का हिरवा?” तिथून पुढे तो नीट बोलत गेला. अडखळला तेव्हा अक्सा थांबली. हेतलबेनचं पेन वहीवर थांबलं होतं आणि ती काचेतून सरळ अक्साकडे बघत होती. अक्सानं तिच्याकडे पाहिलं नाही.

निघताना हेतलबेन दारापर्यंत आली.

“तुम्ही चिडलाच नाहीत.”

“सुरुवात केली होती,” अक्सा म्हणाली.

हेतलबेन काही तरी विचारणार असं वाटलं, पण तिचा फोन वाजला. “सोमवारी,” एवढं म्हणून ती आत वळली. जिन्यात रघू थांबला होता. त्या फोनवर कोण होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. “बाई चांगली होती हो फोनवरची,” तो अक्साला म्हणाला. “तुम्हाला पण तीच होती का?” अक्सा म्हणाली, मला दुसरं कोणी होतं.

परतीची फेरीबोट दिघीला लागली तेव्हा अब्बा जेटीच्या टोकालाच उभे होते. तिची पिशवी त्यांनी घेतली आणि स्कूटरच्या हुकाला अडकवली. मशीन झालं का, विचारलं. झालं, ती म्हणाली. मग जरा वेळानं, स्कूटरची चावी हातात फिरवत,

“आणि फोनचं?”

“झालं. ओरडला तो. मी नीट बोलले.”

“माशाल्ला.”

“मग मलाच बसवलं ओरडायला,” अक्सा म्हणाली. “दुसऱ्या माणसावर. त्यांचा माणूस अचानक गेला, म्हणून.”

अब्बांची चावी थांबली. “कोण होता तो?”

“होता एक. घरादाराचा माणूस. मी एक वाक्य बोलले तर उभाच राहिला.”

“मग?”

“मग नाय जमलं मला.”

जेटीवर टेम्पो मागे घेणारा कुणी तरी आरोळ्या देत होता. अब्बा तिकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

“बरं झालं,” ते म्हणाले.

नोकरी मिळेल का, हे त्यांनी विचारलं नाही. अक्सा मागे बसली, स्कूटर निघाली. बाजार मागे पडला, चढ लागला, वारा अंगावर यायला लागला. वळणावर अब्बा काही तरी बोलले, ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

“काय म्हणालात?”

“साखर तीन चमचे लागायची त्याला,” अब्बा रस्त्याकडे बघतच म्हणाले. “आमच्या साहेबाला. चहा गार नसायचा गं. नुसतं म्हणायचा.”

अक्सा ऐकायला पुढे झुकली.